पोलीस परत गेल्यानंतर



स्मृतिव्याख्यानासाठी साहित्य, इतिहास किंवा तत्त्वज्ञान यांपैकी एखादा भारदस्त विषय निवडावा असा आपल्याकडे प्रघात आहे. त्यामुळे फिर्याद, पंचनामा आणि ठाणे अंमलदार यांची भाषा बोलणारा विषय घेऊन मी आपल्यापुढे उभी राहिले, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. परंतु ज्यांच्या स्मरणार्थ आपण येथे जमतो त्यांच्या पिढीने एखादा प्रश्न दिवाणखान्यात बोलण्याजोगा आहे की नाही, हे पाहून तो हाती घेतला नव्हता. त्या धैर्याचा काही अंश उसना घेऊन मी आज एकच, आणि तोही अरुंद, प्रश्न मांडणार आहे. स्वतःच्या घरात, स्वतःच्या माणसाच्या हातून मार खाणाऱ्या स्त्रीला होणारी इजा कमी व्हावी, यासाठी पोलिसांच्या हाती काय आहे?

पुरुष का मारतो, समाज का सोसतो, शिक्षण आणि दारू यांचा यात वाटा किती, हे सारे प्रश्न मोठे आहेत आणि ते मी आज बाजूला ठेवते. माझे लक्ष एका विशिष्ट क्षणाकडे आहे. शेजाऱ्याने ११२ क्रमांक फिरवला, दोन शिपाई आले, नवऱ्याला दोन शब्द सुनावले आणि गाडी परत गेली. आता दार आतून बंद झाले आहे. या दाराआड पुढे काय होते, हीच पोलिसी उपायाची खरी कसोटी होय, असे माझे प्रतिपादन आहे. बाकीचे मुद्दे या एका सूत्राभोवती गुंफलेले आपल्याला आढळतील.

प्रश्नाचा आवाका किती? २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार विवाह झालेल्या १८ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २९ टक्के स्त्रियांनी पतीची हिंसा कधी ना कधी भोगली आहे. महाराष्ट्रात हे प्रमाण सुमारे २५ टक्के आहे. याच पाहणीत देशभरातील हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी कोणाकडे तरी मदत मागणाऱ्या शंभरात सुमारे १४ निघाल्या, आणि त्यातही बहुतेकींनी माहेर गाठले. पोलिसांकडे जाणाऱ्या अगदी मोजक्या. म्हणजे ठाण्याची पायरी चढणारी स्त्री ही पहिल्या थपडेनंतर आलेली नसते. माहेर, सासर, शेजार, भाऊबंद, जातपंचायत हे सारे दरवाजे ठोठावून झाल्यावर ती तेथे पोहोचते. तिला परत पाठवणे म्हणजे शेवटचे दार लावून घेणे.

आता पहिला मुद्दा : नोंद.

ठाण्यात आलेल्या स्त्रीला बहुधा प्रथम काय मिळते? एक एनसी. अदखलपात्र गुन्ह्याच्या नोंदवहीत चार ओळी लिहिल्या जातात, तिच्या हाती एक प्रत दिली जाते, आणि 'कोर्टातून दाद मागावी' अशी समज दिली जाते. जुन्या दंडसंहितेची ३२३, ५०४ आणि ५०६ ही तीन कलमे, म्हणजे साधी दुखापत, शिवीगाळ आणि धमकी, हवालदाराच्या लेखणीला इतकी सरावाची झाली होती की फिर्याद ऐकण्यापूर्वीच ती उमटत. नव्या न्याय संहितेने कलमांचे आकडे बदलले, सराव बदलला नाही. वस्तुतः पतीने किंवा त्याच्या नातलगांनी केलेल्या क्रूरतेसाठी १९८३ सालीच ४९८-अ हे स्वतंत्र दखलपात्र कलम अस्तित्वात आले. आज ते न्याय संहितेचे ८५वे कलम आहे. तरीही रस्त्यावरच्या धक्काबुक्कीचे आणि घरातल्या नित्य मारहाणीचे वजन एकाच तराजूत केले जाते. घरफोडीची फिर्याद घेऊन आलेल्या गृहस्थाला 'भांड्याला भांडे लागायचेच, चोराला समजून घ्या' असे कोणता अंमलदार सांगेल? परंतु हाड मोडलेल्या स्त्रीला हे वाक्य आजही ऐकावे लागते.

अदखलपात्र नोंदीने गुन्हा लहान होतो, एवढ्यावर हे भागत नाही. तपास करण्यासाठी दंडाधिकाऱ्याचा हुकूम लागतो, म्हणून तपास होत नाही; तपास होत नाही म्हणून मागील प्रसंग पुढील प्रसंगाला जोडला जात नाही. जानेवारीतली एनसी, एप्रिलमधली एनसी, आणि दिवाळीतली एनसी या तीन निरनिराळ्या अंमलदारांनी लिहिलेल्या तीन निरनिराळ्या किरकोळ घटना ठरतात. त्या एकत्र वाचल्या असत्या तर चढत जाणारी एक रेषा दिसली असती. श्रोतेहो, प्रत्येक ठाण्यात अकस्मात मृत्यूची आणखी एक नोंदवही असते. स्टोव्हच्या भडक्याने भाजलेल्या, विहिरीत पाय घसरून पडलेल्या, विषारी औषध 'चुकून' प्यालेल्या सुना तिच्यात आढळतात. विवाहानंतर सात वर्षांच्या आत असा मृत्यू झाल्यास विशेष चौकशी करण्याची तरतूद कायद्याने केली, ती योग्यच होती. पण या मरणोत्तर दक्षतेचा थोडासा भाग जिवंतपणी का मिळू नये? दोन्ही नोंदवह्या एकाच कपाटात असताना त्या एकमेकींशी बोलत नाहीत, हे आपल्या व्यवस्थेचे मूळ व्यंग आहे.

आणखी एक अडसर हद्दीचा. मार खाऊन माहेरी आलेल्या स्त्रीला 'गुन्हा सासरच्या हद्दीत घडला, तिकडे जा' असे सांगण्याची वहिवाट होती. ज्या गावातून ती जीव मुठीत धरून निघाली त्याच गावी फिर्यादीसाठी परत जा, असा त्याचा अर्थ. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली स्पष्ट केले की क्रूरतेचे परिणाम ती जेथे आश्रयाला आली तेथेही भोगतच असते, म्हणून तेथेही फिर्याद चालू शकते. शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवून तो योग्य ठाण्याकडे वर्ग करण्याची सोय आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. सोय आहे, ती स्त्रीला ठाऊक असण्याआधी अंमलदाराला ठाऊक असावी, एवढेच मागणे.

दुसरा मुद्दा : धोक्याची चिन्हे.

घरातला खून हा आभाळातून कोसळत नाही. १९८०च्या दशकात अमेरिकेतील जॅकलिन कॅम्पबेल या परिचारिका असलेल्या संशोधिकेने जखमी आणि मृत स्त्रियांच्या हकिगती पडताळून धोक्याच्या खुणांची एक प्रश्नावली तयार केली. पुढे मेरीलँड राज्यात २००५ सालापासून पोलीस घटनास्थळीच स्त्रीला ११ प्रश्न विचारू लागले, आणि उत्तरे गंभीर आढळल्यास तेथूनच आश्रयगृहाला दूरध्वनी लावून तिच्या हाती देऊ लागले. त्याने शस्त्र उगारले आहे काय? जिवे मारण्याची धमकी दिली आहे काय? तो खरोखर मारील असे तुम्हाला वाटते काय? गळा आवळला आहे काय? तो सतत पाळत ठेवतो काय? तुम्ही नुकतेच त्याला सोडले आहे, किंवा सोडण्याचे बोलल्या आहात काय?

यांपैकी गळ्याच्या प्रश्नापाशी थोडे थांबू. ज्या स्त्रीचा गळा पूर्वी आवळला गेला आहे, तिचा पुढे त्याच पुरुषाच्या हातून खून होण्याचा संभव सुमारे सात पटींनी वाढतो, असे २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात आढळले. आणि विचित्र असे की या इजेचा व्रण पुष्कळदा दिसतच नाही. आवाज घोगरा होतो, घास गिळताना दुखते, डोळ्यांत बारीक लाल ठिपके उमटतात. पण कपाळावर खोक नाही, हात प्लास्टरमध्ये नाही, म्हणून कागदावर 'किरकोळ' हा शेरा पडतो. जी इजा सर्वांत भयसूचक, तिचीच नोंद सर्वांत हलकी! आपल्याकडे या यादीत रॉकेलचा डबा, माहेरून पैसे आणण्याचा तगादा आणि मुलांना हिरावून घेण्याची धमकी यांची भर घालावी लागेल. रॉकेलच्या वासाने भरलेले लुगडे आणि त्याच्या हातात काड्यापेटी, एवढ्यावर प्रसंग थांबला असेल तर तो 'काही झाले नाही' असा प्रसंग नव्हे.

हे प्रश्न कसे विचारावेत, यालाही महत्त्व आहे. नवऱ्याला त्याच बाकावर शेजारी बसवून, सासूला दारात उभी ठेवून, सगळ्यांसमक्ष 'बोला बाई, काय त्रास आहे?' असे विचारले, तर उत्तर काय येणार? 'काही नाही साहेब, चुकून लागलं.' त्या उत्तराला जबाब म्हणून सही घेतली जाते आणि प्रकरण मिटते. स्त्रीशी स्वतंत्रपणे, शक्यतो महिला अंमलदाराने, दार लोटून बोलावे. या एका साध्या गोष्टीने जेवढे बाहेर येईल तेवढे दहा परिपत्रकांनी येणार नाही.

तिसरा मुद्दा : घर कोणी सोडायचे?

आपल्या लोकरीतीने याचे उत्तर केव्हाच देऊन ठेवले आहे. दिल्या घरी सुखी राहा, आणि सुख नसेल तर माहेरी ये. घर त्याचे, जाणार ती. मग तिच्याबरोबर मुलांची शाळा सुटते, तिची कामाची जागा सुटते, रेशनकार्ड त्याच्या पेटीत राहते, आणि मारणारा आपल्या पलंगावर स्वस्थ झोपतो. हा क्रम उलटा का नसावा? ऑस्ट्रियाने १९९७ साली तो उलटा केला. तेथील कायद्याप्रमाणे पोलीस अधिकारी मारणाऱ्या इसमाला, घर कोणाच्या नावावर आहे हे न पाहता, जागच्या जागी घराबाहेर काढू शकतो; त्याच्याजवळच्या किल्ल्या काढून घेतो; आणि परत येण्यास मनाई करतो. ही मनाई आरंभी सात दिवसांची होती, आता दोन आठवड्यांची आहे, आणि स्त्रीने न्यायालयात अर्ज केल्यास ती वाढते. पहिल्या तीन दिवसांत पोलिसांनी पुन्हा जाऊन मनाई पाळली जाते की नाही हे पाहावे लागते, आणि मदतकेंद्राला परस्पर कळवावे लागते, म्हणजे स्त्रीने स्वतः कोठे शोधत हिंडावयास नको.

आपल्याकडे असे काही नाही काय? आहे. २००५चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा, जो २६ ऑक्टोबर २००६ रोजी अमलात आला, त्याचे १७वे कलम स्त्रीला सामायिक घरात राहण्याचा हक्क देते, आणि १९व्या कलमाखाली दंडाधिकारी पुरुषाला घराबाहेर जाण्याचा हुकूम देऊ शकतात. घर सासऱ्याच्या नावावर असले म्हणून सुनेचा हक्क आपोआप बुडत नाही, असेही सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली सांगितले. अर्जाची पहिली तारीख सामान्यतः तीन दिवसांच्या आत असावी, निकाल ६० दिवसांत लागावा, आणि निकड असेल तर दुसऱ्या पक्षाला न ऐकताही तात्पुरता हुकूम द्यावा, अशी कायद्याची योजना आहे. संरक्षणाचा हुकूम मोडणे हा दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा आहे. त्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. कायद्यात फारशी उणीव राहिली नाही; उणीव आहे ती अंमलबजावणीत. पोलीस अधिकाऱ्याने या कायद्याची, त्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याची, मोफत वकिलाची आणि फौजदारी फिर्यादीच्या हक्काची माहिती स्त्रीला द्यावी, असे ५वे कलम बजावते. तारखा मात्र तहकुबीवर तहकुबी घेत पुढे सरकतात. हुकूम निघाल्यावर त्याची प्रत ठाण्याला विनामूल्य मिळते. पण ती प्रत कोणत्या फायलीत आहे, हे रात्रपाळीच्या अंमलदाराला ठाऊक नसेल, तर मध्यरात्री दार ठोठावणाऱ्या नवऱ्यापुढे त्या हुकमाची किंमत कोऱ्या कागदाएवढीच.

चौथा मुद्दा अटकेचा. आणि येथे मला उत्साही मित्रांना थोडे निराश करावे लागेल.

मारणाऱ्याला कोठडीत टाका, म्हणजे झाले, असे पुष्कळांना वाटते. मिनीॲपोलिस शहरात १९८१-८२ साली लॉरेन्स शर्मन आणि रिचर्ड बर्क यांनी याची रीतसर परीक्षा घेतली. कोणत्या प्रसंगी अटक करायची, कोणत्या प्रसंगी समज द्यायची आणि कोणत्या प्रसंगी पुरुषाला आठ तासांसाठी बाहेर पाठवायचे, हे चिठ्ठी टाकावी तसे आधीच ठरवून ठेवले होते. पुढील सहा महिन्यांच्या पोलीस दप्तरात अटक झालेल्यांपैकी १० टक्के, समज दिलेल्यांपैकी १९ टक्के आणि नुसते बाहेर पाठवलेल्यांपैकी २४ टक्के पुरुष पुन्हा मारहाण करताना आढळले. या निष्कर्षाने अमेरिकेत अटकेची लाट आली. परंतु इतर शहरांत हाच प्रयोग पुन्हा केला तेव्हा उत्तरे एकसारखी आली नाहीत. नोकरीधंद्यात असलेल्या पुरुषांना अटकेचा वचक बसला, तर मिलवॉकीसारख्या ठिकाणी बेकार पुरुषांच्या बाबतीत पुढे मारहाण वाढलेली दिसली. ज्याला गमावण्यासारखे काही आहे त्याला कोठडीचे भय. ज्याला नाही, तो सुटल्यावर हिशेब चुकता करतो. आणि आठ तासांसाठी हाकललेला माणूस नवव्या तासाला परततो, हेही विसरू नये.

आपल्याकडे २०१४ साली अर्नेशकुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ४९८-अखाली यांत्रिकपणे अटक करू नये, अटकेची कारणे लिहून ठेवावीत आणि अन्यथा हजर राहण्याची नोटीस द्यावी, असे फर्मावले. म्हातारी सासू, परगावची नणंद, सारे घर एका फिर्यादीत कोठडीत जावे, हे कोणत्याही न्यायबुद्धीच्या माणसाला रुचणार नाही. खोट्या फिर्यादी होतात काय? होतात, कोणत्या कलमाखाली होत नाहीत? परंतु मला येथे एक वेगळीच गोष्ट दाखवावयाची आहे. नोटीस घरी जाते, नवरा ती वाचतो, आणि फिर्याद देणारी बाई त्याच घरात, पलीकडच्या खोलीत, भाकरी थापत असते. त्या कागदाने त्याचे स्वातंत्र्य राखले, हे ठीक. पण त्या रात्री तिचे काय? नोटिशीबरोबरच निवासाच्या हुकमाचा अर्ज पुढे गेला पाहिजे, आणि अटक झालीच तर जामिनाच्या अटींत तिच्याशी संपर्क न करण्याची अट घातली पाहिजे. जामीन मिळाल्याची वर्दी, तो दारात पोहोचण्यापूर्वी तिला ठाण्याकडून मिळाली पाहिजे. आरोपीचा हक्क आणि फिर्यादीचा जीव यांत मुळात वैर नाही. एकाची तजवीज करताना दुसऱ्याची विसरली जाते, म्हणून ते वैर भासते.

पाचवा आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा मुद्दा : दुसरी भेट.

पहिल्या भेटीत पोलीस येतात ते बोलावल्यामुळे. दुसऱ्या भेटीला कोणी बोलावलेले नसते, आणि तेच तिचे सामर्थ्य. तीन-चार दिवसांनी बीटवरचा अंमलदार दारात उभा राहतो, 'ताई, कसं आहे?' एवढेच विचारतो, तिला एकटीला दोन वाक्ये बोलू देतो आणि डायरीत वेळ टिपतो. या भेटीने नवऱ्याला कळते की गाडी परत गेली तरी ठाण्याची आठवण गेलेली नाही. आणि तिला कळते की पुढच्या खेपेला आपल्याला पहिल्यापासून सारी कहाणी सांगावी लागणार नाही. कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालील नियमांत तिच्या सुरक्षिततेची योजना लिहिण्याचा एक नमुना दिलेला आहे : तिला कशाची भीती वाटते, काय बंदोबस्त हवा, न्यायालयाकडून कोणता हुकूम हवा. भरायचे काम संरक्षण अधिकाऱ्याचे. पण दुसऱ्या भेटीला जाणाऱ्या अंमलदाराच्या हाती तो कागद असला, तर भेट निव्वळ विचारपूस राहत नाही.

हे एकट्या पोलिसाचे काम नव्हे, हे महाराष्ट्राने इतर अनेक प्रांतांच्या आधी ओळखले, याचा आपण रास्त अभिमान बाळगावा. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने १९८४ साली मुंबई पोलिसांच्या आवारातच महिला व बालकांसाठी विशेष कक्ष सुरू केला; प्रशिक्षित समाजकार्यकर्ती ठाण्याच्या छताखाली, पण पोलिसी गणवेशाबाहेर, बसू लागली. पुढे या कक्षांचा विस्तार राज्यभर झाला. चालू शतकाच्या आरंभी वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि सेहत संस्था यांनी 'दिलासा' केंद्र उभारले, कारण पुष्कळ स्त्रिया ठाण्यात जात नाहीत, पण जखमेवर टाके घालण्यासाठी रुग्णालयात मात्र जातात. मध्य प्रदेशात १८० ठाण्यांवर झालेल्या आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले की ठाण्यात महिलांसाठी स्वतंत्र मदतकक्ष, प्रशिक्षण आणि वरिष्ठांचे लक्ष असेल तर स्त्रियांच्या तक्रारींची नोंद वाढते, आणि कक्षाची धुरा महिला अंमलदारांकडे असेल तर फिर्यादी दाखल होण्याचे प्रमाण विशेष वाढते.

एक सावधगिरी मात्र सांगितली पाहिजे. कक्ष उघडला, फलक लावला, खुर्च्या मांडल्या, आणि आत समुपदेशनाच्या नावाखाली जुनीच तडजोड चालू राहिली, तर फलकाने काय साधले? 'पुन्हा त्रास देणार नाही' असे मुद्रांकावर लिहून घ्यायचे, दोघांची सही घ्यायची, आणि जोडपे एकत्र पाठवल्याची संख्या मासिक अहवालात यश म्हणून दाखवायची, ही पद्धत मला घातक वाटते. संसार टिकवणे हे पोलिसांचे काम नव्हे. संसार टिकावा की मोडावा हे ती ठरवील, तिची माणसे ठरवतील, कुटुंब न्यायालय ठरवील. पोलिसाने एवढेच पाहावे की ठरवण्यासाठी ती जिवंत आणि धडधाकट राहील.

श्रोतेहो, सारांश सांगून आटोपते. नोंद अशी असावी की मागचा प्रसंग पुढच्याला जोडला जाईल. धोक्याचे प्रश्न एकांतात विचारले जावेत, आणि गळ्याच्या इजेला किरकोळ म्हणण्याची सवय सुटावी. घर मारणाऱ्याने सोडावे, आणि तसा हुकूम रात्रपाळीच्या टेबलावर उपलब्ध असावा. अटक विवेकाने व्हावी, पण अटक न करण्याच्या निर्णयाबरोबर संरक्षणाची तजवीजही व्हावी. आणि पोलिसांनी पुन्हा यावे, न बोलावता यावे.

यासाठी नवा कायदा नको, फार मोठा खर्चही नको. परंतु कोणी विचारणारे असावे लागते. आपल्या ठाण्यांचे यश आपण चोऱ्या किती उघडकीस आल्या यावर मोजतो. मोहल्ला समितीच्या, दक्षता समितीच्या बैठकीला आपण जातो तेव्हा मिरवणुकीचा मार्ग आणि ध्वनिक्षेपकाची वेळ यांवर तासभर बोलतो. यापुढच्या बैठकीत आपल्यापैकी एकाने तरी उभे राहून ठाणे प्रमुखांना विचारावे : गेल्या तीन महिन्यांत घरगुती मारहाणीच्या किती वर्द्या आल्या, त्यांपैकी किती घरी आपले अंमलदार दुसऱ्यांदा गेले, आणि त्यांची नोंद कोठे आहे? उत्तर पहिल्या खेपेला मिळणार नाही. दुसऱ्या बैठकीत पुन्हा विचारावे. ज्या आकड्याची विचारणा होते तो आकडा ठेवला जातो, आणि ठेवावा लागणारा आकडा शून्य दाखवणे कोणत्याही अधिकाऱ्याला फार काळ परवडत नाही, हा सरकारी दप्तराचा जुना नियम आहे. त्या नियमाचा उपयोग एकदा या कामी करून पाहा, एवढीच विनंती.